बासष्टचा आकडा

९ जानेवारी

कारखान्यातून दरवर्षी एक डायरी मिळते. आजवर ती तशीच कपाटात जायची. यंदा लिहून बघावं म्हटलं. संध्याकाळी जेवताना मी दिवसभरातलं काहीबाही बायकोला सांगायचो. ती ऐकता ऐकता मध्येच दुसरंच काहीतरी काढायची, पण सांगून व्हायचं. आता ते कुठे ठेवायचं ते कळत नाही. तिला जाऊन दोन महिने झाले.

घरात मी आणि बारकी. बारकी म्हणजे माझी मुलगी, सव्वीस वर्षांची. लहानपणी इतकी गुटगुटीत होती की गालांच्या वर डोळे शोधावे लागत, म्हणून तिच्या आईनं थट्टेनं बारकी म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटलं. चष्म्याच्या दुकानात काम करते. आईच्या दुखण्यात भाड्याची खोली सोडून घरी आली, ती राहिली. बरं झालं. पण आम्ही दोघंही कमी बोलणारे. बोलण्याचं खातं तिच्या आईकडे होतं.

आज एवढंच सुचतंय.

१४ जानेवारी

कामाबद्दल लिहितो. आमचा कारखाना फळांचे रस आणि सरबतं बनवतो. मी तिथल्या लॅबमध्ये आहे. बाटलीवर ‘ऊर्जा’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो काढणं हे माझं काम. नमुना ओव्हनमध्ये वाळवायचा, उरलेला चिकट थर पोलादी भांड्यात ऑक्सिजन भरून जाळायचा, भोवतीचं पाणी किती तापलं ते बघायचं. पाणी खोटं बोलत नाही, असं मी नव्या लोकांना सांगतो.

गेल्या वर्षीपासून कंपनीनं कॅनमधली तयार कॉकटेल काढली आहेत. उघडा आणि प्या. संत्र्याचं आहे, लिंबू-पुदिन्याचं आहे. त्यातलं ‘लाइट’ सगळ्यात जास्त खपतं. चेपलेले कॅन दुकानात जात नाहीत, ते आम्हा लोकांना वाटून टाकतात. मी कधी घेत नसे. आज सहा घेऊन आलो. घरी काहीतरी घेऊन जावंसं वाटलं.

बारकीनं कॅन फिरवून मागचं वाचलं. “बासष्ट कॅलरी? फक्त?”

“लाइट आहे ते.”

“हा आकडा तुम्ही काढलेला?”

“हो.”

“मग खरा असणार,” असं म्हणून ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकेक कॅन घेऊन बसलो. तिनं दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. त्या बाईंना असा चष्मा हवा होता, जो लावला तरी लावलाय असं दिसू नये आणि काढला की लोकांनी विचारावं, चष्मा कुठे गेला. मला खूप हसू आलं. कॅन आणले ते बरं केलं.

२ फेब्रुवारी

आज बारकी आईचा निळा स्वेटर घालून बाहेर आली. शेवटच्या महिन्यांत तिच्या आईला जुने कपडे ढगळ व्हायला लागले, तेव्हा मी हा सगळ्यात लहान मापाचा आणला होता. बारकीला अगदी बरोबर बसला. खांद्याला, मनगटाला, सगळीकडे.

“छान दिसतोय,” मी म्हणालो.

“आईसारखी दिसते ना?”

दिसते खरी. मला बरं वाटलं. कपडे नुसते पडून राहण्यापेक्षा कुणीतरी घालावेत.

११ फेब्रुवारी

बारकीला इतकी शिस्त असेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी ती आता जेवत नाही. दिवसाला किती कॅलरी घ्यायच्या ते तिनं ठरवून टाकलंय. त्यातल्या संध्याकाळच्या ती कॅनसाठी राखून ठेवते. दोन, कधी तीन.

“तीन म्हणजे किती झाल्या?” मी विचारलं.

“एकशे शहाऐंशी,” क्षणात सांगितलं. “एका सँडविचपेक्षा कमी. आणि बाबा, सँडविच खाऊन झोप येत नाही. कॅननं येते.”

हिशेब चोख होता, त्यात मला काही खोट काढता आली नाही. हे तिनं माझ्याकडूनच उचललं असणार. तिच्या आईला पोटाचा आजार होता. अन्न जायचं नाही. प्रत्येक चमचा मी वजन करून भरवायचो आणि त्याच्या कॅलरी मोठ्यानं सांगायचो: हा बारा, हा वीस, आज साडेचारशे झाले, शाब्बास. बारकी पलीकडे बसून तिचे पाय दाबत असायची.

मी एकट्यासाठी काही शिजवत नाही. पाव असतो, तो ओट्यापाशी उभ्यानं खातो. भांडी पडत नाहीत.

२० फेब्रुवारी

माझ्या शेजारच्या टेबलावरची केमिस्ट आधी दुधाच्या कारखान्यात होती. तोंडाची तिखट, मनाची चांगली. आज मी लाइटचे नमुने वाळवायला ठेवले होते. ती आत आली आणि नाक वर करून म्हणाली, “काय हो, आज ओव्हन तर्र होऊन बसलाय वाटतं! इथे नुसतं उभं राहिलं तरी चढेल.”

सगळे हसले. खरंच वास होता. मी पंखा लावून खिडकी उघडली. या कॅनच्या दिवशी असा वास येतोच, नेहमीचं आहे.

बायकोच्या थोरल्या बहिणीचा फोन आला होता. मी त्यांना ताई म्हणतो. “पोरगी जेवते का नीट?”

“हलकं घेते.”

“हलकं म्हणजे काय? तुम्ही दोघं मिळून एका माणसाचं तरी जेवता का?”

त्यांचा स्वभाव काळजीचा आहे. तब्येत सांभाळून आहे म्हणालो.

५ मार्च

आज एक गोष्ट लक्षात आली. नीट लिहून काढतो.

सकाळी ओव्हन उघडला. तोच वास नाकात आला आणि मी दार धरून तसाच उभा राहिलो. वास येतो म्हणजे काहीतरी उडून जातंय. जे उडून गेलं ते पोलादी भांड्यात येत नाही. जे भांड्यात येत नाही ते जळत नाही आणि मोजलंही जात नाही.

सरबत वाळवलं की पाणी जातं आणि साखर उरते. पाण्यात ऊर्जा नसते, म्हणून ते गेलं तरी काही बिघडत नाही. वीस वर्षं मी तेच करत आलो. कॉकटेल आलं तेव्हा तेही तसंच वाळवलं. त्यातलं अल्कोहोल पाण्याबरोबर खिडकीतून बाहेर गेलं आणि मी मागे राहिलेली साखर तेवढी जाळली. साखरेचे बासष्ट. ते मी सही करून दिले आणि ते छापले गेले.

साखरेच्या ग्रॅमला चार कॅलरी, अल्कोहोलच्या ग्रॅमला सात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

दिवसभर पुन्हा करून पाहिलं. अल्कोहोल वेगळं काढून मोजलं. एका कॅनमध्ये दोनशे सहा.

केमिस्टबाईंना दाखवलं. त्यांनी थट्टा केली नाही. “आता वर सांगावं लागेल हो,” एवढंच म्हणाल्या.

६ मार्च

मॅनेजरना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

“लेखी दिलंय कुठे?”

“देतो.”

“थांबा. घाई काय आहे? पुढच्या छपाईला आकडा बदलू. सध्या माल बाजारात आहे. कुणाला विषबाधा झालीये का? पिणारा माणूस काय मागचं वाचून पितो होय?”

“माझी मुलगी वाचते.”

ते म्हणाले, “मग तिला घरी सांगून टाका की. तुमच्या घरचा प्रश्न तर आजच मिटला.”

मी लेखी देऊन आलो. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. चिडले असावेत, पण तो त्यांचा प्रश्न.

७ मार्च

बारकीला सांगितलं. ती दुसरा कॅन उघडत होती.

“चूक माझी आहे. बासष्ट नाही, दोनशे सहा.”

तिचं बोट कडीतच राहिलं. “एका कॅनला?”

“एकाला.”

“म्हणजे रोजचे सहाशे.” ती कॅनकडे बघत होती, माझ्याकडे नाही. “इतके दिवस?”

“हो.”

“तुमचा आकडा कधी चुकत नाही.”

“या वेळी चुकला.”

ती उठून न्हाणीघरात गेली. बराच वेळ नळ सोडलेला ऐकू येत होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण शांत होती. “सांगितलंत ते बरं केलंत,” म्हणाली. खरं सांगितलं की माणूस समजून घेतो. आता कॅन आपोआप सुटतील. मला मोकळं वाटलं.

१५ मार्च

कॅन सुटले नाहीत. मी चेपलेले आणणं बंद केलं, तर ती येताना दुकानातून घेऊन येते.

सकाळी ती फक्त काळी कॉफी घेते. पूर्वी एक अंडं घ्यायची, ते बंद झालंय. दुपारचा डबाही नेत नाही. मी विचारलं तर म्हणाली, “सहाशे कुठून तरी काढायला नकोत का? कॅनला जागा करते.”

मला वाटलं होतं आकडा वाढल्यावर ती कॅन कमी करेल. तिनं बाकीचं कमी केलं. बेरीज तीच ठेवली. हिशेब म्हणून बघितलं तर यात चूक नाही. मी म्हणालो, “अंड्याचे फक्त सत्तर असतात.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

थोडे दिवस जातील, मग होईल सुरळीत. तिच्या मनावर ताण आहे.

२१ मार्च

आज ताई आल्या होत्या. न कळवता. बेल वाजली, मी खोलीत कपडे घड्या करत होतो, दार बारकीनं उघडलं. तिच्या अंगावर आईचा घरातला गाऊन होता.

काही पडल्याचा आवाज झाला म्हणून धावत बाहेर गेलो. ताईंच्या हातातली पिशवी जमिनीवर होती, सफरचंदं जिन्यावरून खाली गडगडत चालली होती आणि त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या होत्या. बारकी “मावशी, अगं मावशी, मी आहे,” म्हणत त्यांना उठवायचा प्रयत्न करत होती, पण तिला उठवता येईना. मी दोघींना आत घेतलं.

पाणी प्यायल्यावर ताईंनी बारकीचा हात स्वतःच्या हातात धरून ठेवला. मनगटाभोवती बोटं गुंडाळून बघत होत्या. बारकी म्हणाली, “अगं, डाएट चालू आहे.”

“कसलं मेलं डाएट! गालफडं बघ, पार बसली आहेत. तोंडाला वास कसला येतोय तुझ्या? दुपारचे तीन वाजलेत!”

“मावशी, सुट्टी आहे आज.”

“सुट्टी आहे म्हणून?”

जाताना ताई मला खाली फाटकापर्यंत घेऊन गेल्या. “तुम्ही घरातच असता ना? तुम्हाला दिसत नाही का?”

“जरा उतरली आहे.”

“माझी बहीण अशी दिसायला लागली तेव्हा तिच्याकडे महिनाच उरला होता. दार उघडलं तर समोर तीच उभी. तिच्याच कपड्यात.” मग एकदम रागानं म्हणाल्या, “उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या तिला. न्याल ना?”

हो म्हणालो. ताई अजून सावरलेल्या नाहीत. सख्खी बहीण गेली, साहजिक आहे. बारकीचं वय लहान आहे, तिला आजार काही नाही. तरी पुढच्या आठवड्यात नेईन. तिला सुट्टी मिळायला हवी.

सफरचंदं गोळा केली. एक सापडलं नाही.

२९ मार्च

दुकानातून फोन आला. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघता बघता बारकी खाली कोसळली. घाम सुटला होता, बोलणं अडखळत होतं, मालकीणबाईंना वाटलं पिऊन आली आहे. त्यांनी आधी तिला मागच्या खोलीत झोपवलं. मग ती उठेना, तेव्हा रुग्णवाहिका बोलावली.

मी लॅबचा कोट अंगावर तसाच घालून गेलो. दवाखान्याच्या दारात रखवालदारानं मला डॉक्टर समजून आत सोडलं.

ती दिसली. हाताला सुई, पांढरी चादर. खाली काहीच नसल्यासारखी चादर सपाट होती. मी दाराशीच थांबलो. ताईंना दारात काय दिसलं ते मला तिथे दिसलं.

ताईंना फोन केला. त्यांनी एका शब्दानंही बोल लावला नाही. “निघालेच,” म्हणाल्या.

३१ मार्च

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण सावकाश बोलतात. म्हणाल्या, रक्तातली साखर फार खाली गेली होती. पोटात अन्न नसताना दारू घेतली की शरीराला साखर तयार करता येत नाही. आणखी उशीर झाला असता तर मेंदूला इजा झाली असती, कदाचित जीव गेला असता.

दारू. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आम्ही कॅन म्हणायचो.

“रोज किती घेते?”

“तीन कॅन. एकाला दोनशे सहा, म्हणजे…”

“कॅलरी नाही विचारत मी. पिते किती आणि खाते काय?”

मी सांगायला तोंड उघडलं. काळी कॉफी म्हणालो. त्यापुढे माझ्याकडे काही नव्हतं. मग म्हणालो, कॅन तीन आहेत हेही तिनं सांगितलेलं. मी मोजलेले नाहीत.

बाईंनी लिहिणं थांबवलं. “तिची आई नुकतीच गेली, असं तिच्या मावशी म्हणाल्या.”

“हो.”

“आणि तुमचं कसं चाललंय?”

“माझं काय?” मी म्हणालो. “मी ठीक आहे.”

त्यांनी मला वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. आकडा त्यांनी लिहून घेतला. बारकीबरोबर मलाही त्यांच्याकडे यायचं आहे, दर आठवड्याला. मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवणार आहेत. ताईंनी तारखा विचारून घेतल्या. मी विसरेन असं त्यांना वाटतं.

४ एप्रिल

बारकी घरी आली. ताई इथेच राहायला आल्या आहेत. त्यांनी घरातले भरलेले, रिकामे सगळे कॅन बाहेर काढले. बारकीच्या पलंगाखालून, कपाटाच्या मागून इतके निघाले की पोती लागली. मी पोती खाली नेऊन ठेवली. प्रत्येक कॅनवर बासष्ट होतं.

मॅनेजरनी अजून काही केलेलं नाही. केमिस्टबाई म्हणाल्या, आपण दोघं मिळून सरकारी तपासणी खात्याला कळवू. “नोकरी जाईल हो कदाचित,” म्हणाल्या. “दुधाच्या कारखान्यातून मी उगाच नाही बाहेर पडले.” आज दोघांनी सह्या करून पाठवलं.

बारकी काही खात नाही. ताईंनी लाडानं सांगून बघितलं, रागावून बघितलं, रडून बघितलं. तोंड भिंतीकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन दिवसांत फरक पडला नाही तर परत दाखल करून नळी घालावी लागेल. तिच्या आईला घातली होती ती.

६ एप्रिल

ताई आज स्वतःच्या घरी कपडे आणायला गेल्या. मी रजेवर आहे. बटाट्याचं सूप केलं. लोणी किती घातलं ते पाहिलं नाही, हात गेला तसं घातलं. मीठ जरा जास्त पडलं.

वाटी घेऊन तिच्या पलंगापाशी बसलो. तिनं न वळताच विचारलं, “किती?”

“माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत नाही असं होतच नाही.”

“आज नाही माहीत.”

तिनं पांघरूण ओढून घेतलं. मला वाटलं झोप लागली. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, “आईला तुम्ही रोज सांगायचात. हा बारा, हा वीस. ते बरोबर होते ना?”

“बरोबर होते.”

“एकही चुकला नव्हता?”

“नाही.”

“मग ती का गेली?”

मी म्हणालो, “ती जाणारच होती बाळा. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नुसतं बसवत नव्हतं, म्हणून मोजत होतो.”

ती वळली. माझ्याकडे बघत राहिली. मी दाढी केलेली नव्हती, शर्टाला सूप सांडलेलं होतं. तिनं विचारलं, “मला का नाही सांगितलंत? मला वाटायचं आणखी थोडे आकडे झाले की ती उठेल. मी पाय दाबता दाबता बेरीज करायचे.”

मला रडू आलं. तिच्यासमोर कधी आलं नव्हतं. वाटी हातात तशीच होती, खाली ठेवायचंही सुचेना. तीही रडली, पण तिच्यात तेवढीही ताकद नव्हती, लवकर थकली.

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. उन्हाचा पट्टा पलंगावर आला आणि पुढे सरकला.

“गार झालं असेल ते,” ती म्हणाली.

“हो. राहू दे, नको असेल तर…”

“गरम करून आणा,” ती म्हणाली. “अर्धीच वाटी आणा. आणि तुमच्यासाठीही आणा.”

मी उठलो. सूप परत गॅसवर ठेवलं आणि दोन वाट्या काढल्या.